गोषवारा आठ दिवसांत

११ एप्रिल

चि. ठोंब्यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, मेल उघडत नाहीस, तेव्हा शेवटी कागद काढला. चालणारं पेन सापडायला अर्धा तास गेला, आणि आता अक्षर बघून माझं मलाच हसू येतंय. जगाला शिस्त शिकवते आणि स्वतःची ओळ सरळ जात नाही.

मास्तरीण गेल्याला सव्वादोन महिने झाले. मी चार दिवस राहून निघून आले ते काही बरं नव्हतं, कळतं मला. जेवतोस ना? वर्कशॉपात जातोस ना? तू घरात बसून भिंतीकडे बघणारा माणूस आहेस, आणि आता 'उठा' म्हणणारी बायको घरात नाही, म्हणून विचारते.

आपल्या मेलच्या यादीचं सांगते. सोळा वर्षांची सवय, तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. नवी नियमावली लिहायला घेतलीय. सुरुवात अशी केलीय, वाचून सांग: 'ही यादी कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारागिरांची आहे. तुम्ही यादीवर एक ओळ लिहिलीत की ती तीनशे चाळीस जणांच्या मेलमध्ये जाऊन पडते. त्यातल्या निम्म्यांचे हात त्या वेळी प्लास्टरने भरलेले असतात. त्यांना हात धुवायला लावण्याइतकं तुमचं म्हणणं महत्त्वाचं आहे का, हे आधी स्वतःला विचारा.' जरा तिखट झालंय का? होऊ दे. परवाच एकाने नुसतं 'वा!' असं लिहून सगळ्यांना पाठवलं. आणि मागच्या आठवड्यात दोघे शहाणे एकाच वेळी रजेवर गेले, आपोआप उत्तर देण्याची सोय चालू ठेवून. दोन दिवस त्यांची यंत्रं एकमेकांना 'मी रजेवर आहे, मी रजेवर आहे' असं सांगत बसली. सहाशे पत्रं! मी एकेक पुसत होते आणि तुझी आठवण येत होती, तू किती हसला असतास म्हणून.

तुझी मेलपेटी भरलीय. यादीवरून तुला गेलेलं सगळं माझ्याकडे परत येतं. तीनदा परत आलं की नाव आपोआप कमी होतं, हा नियम माझाच. तुझं नाव मी तीनदा हाताने परत घातलंय. कुणाला सांगू नकोस.

टेकडीवरच्या कारागिराकडे जे झालं ते कानावर आलं असेल-नसेल. त्याचा विचार करू नकोस.

आक्का


१९ एप्रिल

आक्का, नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमनला पाकीट बघून कोर्टाची नोटीस वाटली, बिचाऱ्याने दोन सह्या घेतल्या.

जेवतो. वर्कशॉपात जातो, कुलूप उघडतो, कपाटातले साचे पुसतो, परत कुलूप लावतो. कुणी पाय घ्यायला आलं तर पुढच्या आठवड्याची तारीख देतो. पुढच्या आठवड्यात तो आला की त्याच्या पुढच्या आठवड्याची. लोक चांगले आहेत, काही बोलत नाहीत.

विचार करू नकोस म्हणतेस, पण टेकडीवरचा मार्चातच स्वतः येऊन गेला गं. इतक्या लांबून. खुर्चीच्या कडेवर बसला, पाणीही प्यायला नाही. म्हणाला, "दादा, बंदरावरच्यांनी तुम्हाला कळवलं होतं म्हणे. मग यादीवर कसं नाही आलं?" भांडला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्याने नुसतं विचारलं.

काय सांगू त्याला? बारा जानेवारीला मीच यादीवर विचारलं होतं की त्या नव्या पावलाला नळीशी जोडणारा बोल्ट आहे, त्याच्या मानेशी केसाएवढी चीर दिसली, आणखी कुणाला दिसलीय का? सात जणांनी उत्तरं पाठवली. तुझ्या नियमाप्रमाणे मला एकट्याला. बंदरावरच्याने लिहिलं होतं की त्याच्याकडे दोन बोल्ट हातातच मोडले, जेवढी पावलं दिली असतील तेवढी आजच्या आज परत बोलवा. बाकीच्यांना ते माझ्याकडूनच कळायचं होतं. प्रश्न ज्याचा त्यानेच आठ दिवसांत गोषवारा टाकायचा, हे सोळा वर्षं मीच नव्या लोकांना बजावत आलो.

आठ दिवस गेले तेव्हा मास्तरीण वॉर्डात होती. नंतर एका दुपारी बाहेरच्या बाकावर बसून मी सातही उत्तरं फोनवर एकाखाली एक चिकटवली, एवढं आठवतं. मग नर्सने हाक मारली. पाठवलं का? मला वाटत होतं पाठवलं. पण टेकडीवरच्याने जानेवारीपासूनचं सगळं कागदावर छापून आणलं होतं, त्यात माझं काही नाही. म्हणजे नाहीच पाठवलं.

आणि बावीस फेब्रुवारीला, त्याच्याकडून पाय बसवून घेतलेल्या गाण्याच्या बाई शिकवणी संपवून जिना उतरत होत्या. बोल्ट मोडला. खुब्याचं हाड गेलं, अजून दवाखान्यात आहेत. सत्तरीच्या बाई, तेच पाऊल, तोच बोल्ट.

माझं नाव यादीतून काढ. मागच्या दाराने परत घालू नकोस.

तुझा
ठोंब्या


२६ एप्रिल

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

नाव काढणार नाही. यादी माझी आहे, कुणाला ठेवायचं ते मी ठरवणार.

आता नीट ऐक. बोल्ट तू बनवला नाहीस. तो ज्या कंपनीने बनवला ती मजेत आहे, तिला झोप लागते. टेकडीवरच्याने पाऊल बसवताना बोल्ट बोटाने चाचपून बघायला नको होता? तीस वर्षं काम करतोय तो, कालचं पोर नाही. ज्याने त्याने आपापलं बघायचं असतं. सगळ्या गावाचं ओझं तूच का उचलतोस? लहानपणीही असाच होतास. शेजारणीची बरणी फोडली कुणी, आणि रडत बसलास तू.

घरातलं माणूस जात असताना गोषवारा कोण लिहितं? कुणी तुला बोट दाखवलेलं नाही आणि दाखवणार नाही. गोषवारा यादीवर आला नाही, एवढंच खरं. पुढचं-मागचं उकरून कुणाला काय मिळणार आहे? जे झालं त्यावर पडदा टाक.

नियमावलीची तीन पानं सोबत पाठवतेय. शेपूट कापण्याचा नियम वाच खास. लोक दोन ओळींच्या उत्तराखाली मागची पन्नास ओळींची शेपूट तशीच लोंबत ठेवतात, त्यावर लिहिलंय. लाल पेनाने खुणा करून पाठव. हाताला काम दे, डोकं आपोआप ताळ्यावर येतं.

आक्का


८ मे

आक्का, नमस्कार.

नियमावली वाचली नाही. रागावू नकोस.

गाण्याच्या बाईंना भेटून आलो. टेकडीवरचा म्हणाला येऊ नका, तरी गेलो. मोठ्या वॉर्डात खिडकीकडची खाट. अंगाने इतक्याशा आहेत की पांघरुणाखाली कुणी आहे की नाही असं वाटावं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "तुम्ही पायवाले ना? पायवाल्यांचा चेहरा ओळखते मी. तुम्ही लोक माणसाचं तोंड बघायच्या आधी खाली बघता."

खाटेखाली एका पिशवीत त्यांचा पाय होता. पाऊल सुटं, नळी सुटी. पायावर चढवायचा मोजा इतक्या सुबक टाक्यांनी रफू केलेला होता की मला ते बघवेना. म्हणाल्या, "दुरुस्त होईल ना? जून उजाडला की शिकवणी सुरू करायचीय. मुली वाट बघतात." आक्का, खुब्याचं ते तसं झाल्यावर त्या पुन्हा उभ्या राहणार नाहीत हे मला एक्सरे न बघता कळत होतं. मी म्हटलं, "होईल." मग त्या म्हणाल्या, "एवढे रडवेले का? सूर लावा बघू एक." मी लावला. सगळा वॉर्ड हसला. त्याही हसल्या, मग खोकला आला आणि नर्सने मला बाहेर काढलं.

माझ्यामुळे पडलात, हे त्यांना सांगायला गेलो होतो. सांगितलं नाही. तेवढीही हिंमत झाली नाही.

म्हणून सोबतचा कागद. माझी पेटी बंद आहे, तेव्हा तूच हे यादीवर टाक, एक शब्द न बदलता:

'बोल्टच्या चिरेबद्दल मला सात उत्तरं आली होती. त्यातल्या एकाने गाण्याच्या बाई वाचल्या असत्या. ते उत्तर मी तुमच्यापर्यंत पोचवलं नाही. मला कारण होतं, पण पाय घालून जिना उतरणाऱ्या माणसाला माझं कारण काय कामाचं? चूक माझी आहे. मी हे काम सोडतोय.'

हो, सोडतोय. दवाखान्याला वर्कशॉपची किल्ली परत देणार आहे. ज्या माणसाला कळलेली गोष्ट पुढे सांगता आली नाही, त्याच्या हातचा पाय घालून कुणी का चालावं? एकोणतीस वर्षं केलं, पुष्कळ झालं. मास्तरीण असती तर म्हणाली असती, "अहो, शाळा सोडल्याने परीक्षा टळते का?" पण ती नाही.

ठोंब्या


१५ मे

चि. ठोंब्यास,

कागद मिळाला. असा टाकता येणार नाही.

एक तर त्याला विषयाची ओळ नाही. दुसरं, यादी कामाच्या गोष्टींसाठी आहे, मन मोकळं करण्यासाठी नाही, तसं नियमावलीत स्वच्छ लिहिलंय. आज तुझं टाकलं तर उद्या चाळीस जण 'दादा, असं म्हणू नका' म्हणून चाळीस पत्रं टाकतील आणि तीनशे जणांना ती पुसत बसावी लागतील. तिसरं, बाई अजून दवाखान्यात आहेत. त्या बऱ्या होऊन घरी येऊ देत, मग बघू. घाईत लिहिलेलं माणसाला पुढे नडतं.

किल्लीचं काही करू नकोस. मी येते पुढच्या महिन्यात, मग बोलू समोरासमोर.

माझी तब्येत ठीक नाही, झोप येत नाही. जास्त लिहीत नाही.

आक्का


२ जून

आक्का,

गाण्याच्या बाई परवा गेल्या. छातीत पाणी झालं होतं. टेकडीवरच्याचं पत्र आज आलं. शिकवणीच्या सात मुली आल्या होत्या शेवटी, त्यातली एकही रडली नाही, सगळ्या गायल्या, असं त्याने लिहिलंय.

आता कुणाच्या बऱ्या होण्याची वाट बघायची? तू माझा कागद टाकत नसशील तर मी तोच टेकडीवरच्याकडे पाठवतो, तो टाकेल. शनिवारी किल्ली परत देतोय. मोठ्या डॉक्टरांना तसं सांगून ठेवलंय.

तू मला वाचवायला बघतेस, मला कळतं. पण या वेळी नको गं.

ठोंब्या


४ जून, तातडीच्या टपालाने

ठोंब्या,

हे शेवटपर्यंत वाच, मग मला काय म्हणायचं ते म्हण.

तू गोषवारा पाठवला होतास. सत्तावीस जानेवारीला दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तो माझ्याकडे आला. यादीवर दिसला नाही, कारण मी तो जाऊ दिला नाही.

तू मास्तरिणीच्या फोनवरून पाठवलास, म्हणून तो तिच्या पत्त्यावरून आला. नोंदवलेल्या पत्त्यावरून न आलेलं पत्र सरळ यादीवर जात नाही, माझ्यापुढे रांगेत थांबतं, तुला माहीत आहे. त्या दिवशी रांगेत बेचाळीस पत्रं होती. तुझ्या पत्राला विषयाची ओळ नव्हती. सात उत्तरं, प्रत्येकाखाली तुझा मूळ प्रश्न जसाच्या तसा, सात वेळा. आणि सगळ्यात वर तू लिहिलं होतंस, 'आक्का, माझ्याच्याने नीट होत नाही, तूच आवरून टाक ना यादीवर.'

ती ओळ मी वाचली. न वाचता परत पाठवलं असं लिहिता आलं असतं, तुला कुठून कळणार होतं? पण वाचली मी.

मागच्या वर्षी आपल्यातल्याच एका चष्मेवाल्याने मला कळवलं होतं, 'नियम सगळ्यांना आहेत की तुमचे बंधू सोडून सगळ्यांना?' ते मला फार झोंबलं होतं. तुझी ती लांबलचक पत्रं, मध्येच हवापाणी, मध्येच मास्तरिणीचे किस्से. मी ती सोडत आले होते. मग ठरवलं, यापुढे एकही सवलत नाही. हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण सांगू? मला तुझा राग आला. लहानपणी तुझं दप्तर मी भरलं, नोकरीचा अर्ज मी लिहिला, घर बदललंस तेव्हा सामान मी बांधलं. आणि आता यादीवरचं पत्रही आक्कानेच आवरायचं? मास्तरीण आजारी आहे हे मला माहीत होतं. चार दिवसांत जाईल हे नव्हतं माहीत. माहीत असतं तरी काय केलं असतं, याची आता मला खात्री देववत नाही.

मी बटण दाबलं. ठरावीक उत्तर गेलं, 'आपले पत्र नियम तीन, पाच व सात यांत बसत नसल्याने परत करीत आहोत. कृपया नीटनेटके करून पुन्हा पाठवावे.' आणि पुढचं पत्र उघडलं. खालची उत्तरं वाचलीच नाहीत. बंदरावरच्याच्या पाचव्या उत्तरापर्यंत डोळे गेले असते तरी बाई आज शिकवणी घेत असत्या. दहा मिनिटांचं काम होतं ठोंब्या. त्याहून जास्त वेळ मी 'वा!' पुसण्यात घालवते.

तुझ्या घरी येऊन चार दिवस राहिले तेव्हा मला ते आठवलंसुद्धा नाही. बाई पडल्याचं टेकडीवरच्याने यादीवर लिहिलं तेव्हा आठवलं. मी रांगेची जुनी नोंद काढली, दोनदा वाचली आणि पुसून टाकली. पुसली तरी पाठ झालीय. खाई त्याला खवखवे म्हणतात, तशी तेव्हापासून खवखवतेय. आणि तू लिहिलंस ना, 'म्हणजे नाहीच पाठवलं', तेव्हा तुझं पत्र हातात धरून मी मनात म्हटलं, बरं झालं. हो, असंच म्हटलं. तू एक मरण आणि बाईंचं पडणं अंगावर घेऊन बसला होतास आणि मी तुला शेपूट कापण्याचा नियम वाचायला पाठवत होते. मला माझीच किळस येते.

आज सकाळी यादीवर टाकलं आहे: 'बोल्टच्या चिरेचा गोषवारा माझ्या भावाने सत्तावीस जानेवारीला पाठवला होता. तो नीटनेटका नाही म्हणून मी परत केला. त्यात पावलं परत बोलावण्याचा इशारा होता. गाण्याच्या बाईंच्या मृत्यूला मी जबाबदार आहे, तो नाही. नंतर मी हे लपवलं.' खाली माझं नाव. विषयाची ओळ घातली नाही, सुचली नाही. यादीची सगळी सूत्रं बंदरावरच्याला दिली आहेत. टेकडीवरच्याला वेगळं पत्र लिहिलंय, बाईंच्या मुलींचा पत्ता मागितलाय.

तू किल्ली देऊ नकोस. यात तुझं काही नाही. तुझ्या हातचे पाय घालून माणसं चालताहेत, ती चालू देत.

माफ कर असं लिहिणार होते. लिहीत नाही, तू नाही म्हणायचा मोकळा राहा.

आक्का


२९ जून

आक्का,

तुझं पत्र किल्ली द्यायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी पोचलं. किल्ली दिली नाही. काल पाच महिन्यांनी पहिल्यांदा प्लास्टर भिजवलं. रेल्वेतून निवृत्त झालेला एक गार्ड आहे, त्याचा पाय करतोय.

इतके दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण जे लिहीत होतो ते बहिणीला लिहिण्यासारखं नव्हतं. चार कागद फाडले. टेकडीवरच्याने पत्र पाठवलं, 'दादा, तुम्हाला उगाच विचारलं.' ते वाचून मी लहान पोरासारखा रडलो. माझ्या मानेवरचं उतरलं, हे खरं आहे. पण उतरल्याबरोबर तुझा राग आला. मार्चपासून मी रोज सकाळी उठून स्वतःला गुन्हेगार म्हणत होतो आणि तुला ठाऊक होतं.

पण एक सांग. तुझं ते 'परत करीत आहोत' गेलं कुठे, याचा विचार केलास? ते तिच्या पत्त्यावर गेलं. फोन तिच्या उशाशी होता.

तो फोन ती गेल्यापासून कपाटात होता. मला हात लावायचा धीर होत नव्हता. तुझं पत्र वाचल्यावर काढला, चार्ज केला. तिने तुझं उत्तर त्याच संध्याकाळी उघडलेलं आहे. मला एका शब्दाने बोलली नाही. आक्काने गोषवारा परत पाठवला हे मला कळलं तर मी खचेन, असं वाटलं असेल तिला. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली, "अहो, माझा चष्मा द्या. आणि जरा बाहेर जाऊन या, चहा घ्या, घाई करू नका." मला वाटलं, झोपायचं असेल. मी दवाखान्याभोवती चकरा मारत तास काढला. तिसऱ्या दिवशीही तसंच.

आक्का, तिचे शेवटचे चार दिवस होते. त्यातले दोन तास मी बाहेर चकरा मारत होतो आणि ती आत तुझे नियम पाळत होती. हे मी विसरणार नाही.

फोनमध्ये तिचं अर्धवट पत्र आहे. वर विषयाची ओळ आहे, 'नव्या पावलाच्या बोल्टला चीर: आलेल्या उत्तरांचा गोषवारा.' माझा प्रश्न एकदाच, दोन ओळींत. शेपटं सगळी कापलेली. मग एकेक उत्तर, कोण म्हणतो, काय म्हणतो, काय करावं. सव्वीस वर्षं तिला साचा कुठला आणि सॉकेट कुठलं हे कळलं नव्हतं, मी तिची टिंगल करायचो. पण काय लिहिलंय गं! माझ्या सोळा वर्षांत मी असा गोषवारा टाकलेला नाही. तिसऱ्या उत्तरात एके ठिकाणी कंसात लिहिलंय, 'हे यांना विचारायचे.' विचारलंच नाही तिने. विचारलं असतं तर मला कळलं असतं ना.

चार उत्तरं पुरी झाली आहेत. पुढे 'पाच. बंदरावरचे कारागीर कळवतात की' एवढंच आहे.

मी ते सगळं कागदावर उतरवून सोबत पाठवतोय, मूळ सातही उत्तरं मागे जोडली आहेत. पाचवं, सहावं आणि सातवं तू पुरं कर. मला ते जमणार नाही आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. आतापर्यंत सगळ्यांनी बोल्ट बदलले असतील, कुणाला त्याचा उपयोग नसेल, तरी बंदरावरच्याला सांगून यादीवर टाक. तू ये म्हणून आत्ता तरी मी म्हणणार नाही. हे काम झालं की कळव, मग बघू.

खाली माझं नाव नको, तुझंही नको. मास्तरिणीचं घाल. ती सभासद नव्हती, माहीत आहे मला.

ठोंब्या